पोट्ट्याचा आवाज बसलेलाच आहे: आरआरपी या दुर्मीळ आजाराचा अभ्यास गावात राहून कसा करायचा

माझ्या भाच्याचा आवाज तो दोन वर्षांचा असताना बसला तो बसलाच. "पोट्टं लय रडते, म्हणून बसला," असं घरात सगळे म्हणायचे. पुढे कुणी दमा सांगितला, कुणी टॉन्सिल, एकदा न्युमोनियाही झाला. एका दवाखान्यात सात महिने दम्याचा पंप चालला आणि आमच्या आत्याबाईंनी बिब्ब्याचा चटका द्यायची तयारीही करून ठेवली होती. शेवटी नागपूरच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. स्वरतंतूंवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वाढ होती. कार्डावर नाव लिहून आलं: रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस, म्हणजेच आरआरपी. आमच्या तालुक्यात ते नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण घरात इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून दवाखान्याच्या कागदांची पिशवी माझ्याकडे आली. पहिले सहा महिने मी चुकीच्या जागी खोदत बसलो. तुमच्यावर तशी वेळ आली तर ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

एक आधीच सांगतो. असा अभ्यास उपचार ठरवण्यासाठी करायचा नसतो, उपचार डॉक्टरच ठरवतात. पण दुर्मीळ आजारात डॉक्टरांनीही असे रुग्ण मोजकेच पाहिलेले असतात आणि ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्या मिनिटांत नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

आजार नेमका काय आहे

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचे शेकडो प्रकार आहेत. त्यांतले ६ आणि ११ या क्रमांकांचे दोन प्रकार हा आजार करतात. १९८२ साली जर्मन शास्त्रज्ञांनी स्वरयंत्रातल्या अशाच एका गाठीतून ११ क्रमांकाचा विषाणू वेगळा काढला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. ही गोष्ट पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, कारण इंटरनेटवर एचपीव्ही टाकलं की कॅन्सरच कॅन्सर दिसतो आणि घरात रडारड सुरू होते.

गाठी बहुतेक वेळा स्वरतंतूंवर येतात. त्या काढता येतात, पण विषाणू आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तरातही दडून राहतो. म्हणून गाठी परत येतात आणि म्हणूनच नावात "रिकरंट", म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा, हा शब्द आहे. काही जणांत आजार श्वासनलिकेत उतरतो, फार थोड्यांत फुप्फुसापर्यंत जातो. तो मुळात कॅन्सर नव्हे. मात्र थोड्या रुग्णांत, विशेषतः फुप्फुसात उतरलेल्या आजारात, पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हे दर वेळी विचारायचं.

आजार दोन वयांत दिसतो: लहान मुलांत, बहुधा पाच वर्षांच्या आत, आणि मोठ्यांत, साधारण विशी ते चाळिशीत. वाचताना हा फरक पुन्हा पुन्हा कामी येणार आहे.

पहिली पायरी: पिशवी उपसा

मी सुरुवात गुगलपासून केली, ही माझी मोठी चूक. आपल्याच लेकराबद्दल काय ठाऊक आहे हे न कळता जगातले शोधनिबंध वाचत बसलो. दरवाजावरच्या खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जे होतं, ते वाचायला मला चार महिने सुचलं नाही.

पिशवीतली सगळी कागदं जमिनीवर पसरा आणि हे शोधा: प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टीप (ही कार्डापेक्षा वेगळी असते आणि बहुतेक वेळा मागितल्याशिवाय मिळत नाही), बायोप्सीचा अहवाल, सीटी स्कॅन झाला असेल तर त्याची सीडी. दुर्बिणीतून घेतलेले फोटो किंवा व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या. फोटो नुसत्या वर्णनापेक्षा शंभर पटीने कामाचा. पुढच्या डॉक्टरांना आजची वाढ मागच्या वाढीशी ताडून पाहता येते.

मग एक तक्ता करा. रकाने पाचच: तारीख, दवाखाना, गाठी कुठे होत्या, कशाने काढल्या, आणि मागच्या ऑपरेशनपासून किती दिवस झाले. तारखा आठवत नसतील तर घरातल्या बाईमाणसांना विचारा, पण महिना विचारू नका. माझ्या बहिणीला एकही तारीख आठवत नव्हती. "सोयाबीन निघत होतं तवा दुसरं झालं, तान्ह्या पोळ्याच्या आधी तिसरं," असं मात्र ती भराभर सांगत गेली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आम्ही सणांवरून तारखा बसवल्या. नंतर दवाखान्याच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर फरक चार दिवसांपेक्षा जास्त कुठेच नव्हता.

पाचवा रकाना सगळ्यात मोलाचा. वर्षाला चारांहून जास्त ऑपरेशनं लागत असतील, आजार खाली श्वासनलिकेकडे सरकत असेल किंवा गाठी इतक्या वेगाने वाढत असतील की श्वास अडतो, तर शस्त्रक्रियेच्या जोडीला पूरक औषधाचा विचार व्हावा, असा संकेत या विषयातले तज्ज्ञ बरीच वर्षं वापरत आले आहेत. म्हणजे तुमच्या तक्त्यातला तो एक आकडा डॉक्टरांशी होणारं बोलणंच बदलू शकतो.

बायोप्सीच्या अहवालात एचपीव्हीचा प्रकार लिहिलाय का पाहा. बहुतेक ठिकाणी ती तपासणी होत नाही. पण काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो आणि त्यावर पुढेही तपासणी करता येते. ११ क्रमांकाचा प्रकार सर्वसाधारणपणे ६ पेक्षा जास्त त्रासदायक मानतात. आजार सुरू होतानाचं वयही तितकंच महत्त्वाचं. अमेरिकेतल्या मुलांच्या एका नोंदवहीत, तीन वर्षांच्या आत निदान झालेल्या मुलांना वर्षाला चारांहून जास्त शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता इतरांच्या ३.६ पट दिसली होती.

कार्डावर कुठे "डर्के स्कोअर" लिहिलेला असेल तर ती आजाराची मोजपट्टी. स्वरयंत्रापासून खालपर्यंत २५ जागा धरतात आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात: काही नाही तर शून्य, पृष्ठभागावरच असेल तर एक, उंचावलेलं असेल तर दोन, मोठा गठ्ठा असेल तर तीन. आमच्या कार्डावर तो नव्हता. पुढच्या भेटीत विनंती केली आणि तेव्हापासून तो लिहून मिळतो.

दुसरी पायरी: नाव बरोबर उतरवून घ्या

मराठीत "घशातली गाठ" टाकलं की हळद, तुरटी आणि मस जाळण्याचे व्हिडिओ येतात. आरआरपी एवढंच टाकलं तर भलतंच काहीतरी समोर येतं. आजाराचं पूर्ण इंग्रजी नाव कार्डावरून अक्षर अन् अक्षर उतरवा आणि अवतरणचिन्हांत टाकून शोधा. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर औषधाच्या दुकानदाराकडे जा, ते अक्षर वाचणं त्याच्या रोजच्या कामात आहे.

जुन्या लेखांत हाच आजार लॅरिंजियल पॅपिलोमॅटोसिस या नावाने सापडतो. लहान मुलांचा असेल तर नावाच्या आधी जुवेनाइल, मोठ्यांचा असेल तर अ‍ॅडल्ट-ऑनसेट जोडा. फुप्फुसाचं बघायचं असेल तर पल्मनरी हा शब्द वाढवा. एवढ्या चार शब्दांवर माझं ऐंशी टक्के काम भागलं.

तिसरी पायरी: कुठे वाचायचं आणि कोणत्या क्रमाने

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची सूची सगळ्यांना फुकट खुली आहे. डाव्या बाजूला गाळण्या (फिल्टर) असतात. त्यांतली "रिव्ह्यू" ही आणि "फ्री फुल टेक्स्ट" ही, अशा दोनच लावा. आधी गेल्या पाच वर्षांतला एखादा आढावा लेख वाचा, मग तज्ज्ञांची एकत्रित मतं, मग रुग्णगटांवरचे अभ्यास, आणि एकेका रुग्णाची हकिगत अगदी शेवटी. मी उलटं केलं. भारतातल्या एका मुलाची भयंकर हकिगत आधी वाचली आणि दोन रात्री झोपलो नाही. छापून येतं ते बहुतेक वेळा वेगळंच काही घडलेलं असतं म्हणून येतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

भारतातल्या डॉक्टरांचे अनुभव वाचायचे असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचं नियतकालिक आहे, त्यातले बरेच लेख पबमेडवर सापडतात. पूर्ण लेखाला पैसे मागितले तर भरू नका. लेखाखाली लेखकाचा ई-मेल असतो. तीन ओळींचं पत्र लिहून प्रत मागा. मी पाच जणांना लिहिलं, तिघांनी पाठवली. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेखाली शासकीय उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं उघडून दिली आहेत. गावातलं कुणी शासकीय कॉलेजात शिकत असेल तर त्याला पकडा. दिवाळीत गावी येणाऱ्या पोरांना मी फराळाआधी लेखांची यादी देतो.

आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून तालुक्याला गेलो की फाइली उतरवून आणतो आणि घरी वाचतो. भाषांतराचं अ‍ॅप वापरा, पण शब्दावर विसंबू नका. "रेमिशन" म्हणजे आजार कायमचा बरा झाला असं नाही, तो सध्या शांत आहे एवढंच. "अ‍ॅडज्युव्हंट" म्हणजे शस्त्रक्रियेच्या जोडीला दिलेला पूरक उपचार, शस्त्रक्रियेऐवजी दिलेला नव्हे. एआयला विचारलं तर तो सोप्या मराठीत छान समजावतो आणि मधूनच अस्तित्वात नसलेला शोधनिबंधही सांगतो. त्याने दिलेलं प्रत्येक शीर्षक पबमेडवर टाकून बघा. सापडलं नाही तर खोडा.

चौथी पायरी: आकडा वाचायला शिका

इथे थोडा वेळ काढा, कारण फसगत इथेच होते.

समजा लेखात लिहिलंय की अमक्या औषधाने दहापैकी सात रुग्ण सुधारले. हा आजार स्वतःहूनही वर-खाली होतो. काही मुलांत तो मोठेपणी आपोआप मंदावतो. मग ते सात औषधाने सुधारले की तसेही सुधारलेच असते? हे कळायला औषध न दिलेला दुसरा गट हवा. सिडोफोविर नावाचं विषाणूविरोधी औषध जगभर गाठीत टोचलं जायचं आणि बऱ्याच डॉक्टरांनी चांगले अनुभव लिहिले होते. कॉक्रेन या संस्थेने २०१२ पर्यंतचे अभ्यास चाळले, तेव्हा चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला एकच अभ्यास निघाला, १९ रुग्णांचा. बारा महिन्यांनी औषधाच्या आणि नुसत्या सलाइनच्या गटात फरक दिसला नाही. म्हणून औषध निकामी ठरलं असं नाही, १९ जणांवरून तेही ठरत नाही. पण उत्साहात लिहिलेले अनुभव आणि पुरावा यांतलं अंतर मला या एका उदाहरणाने कळलं.

आता ताजं उदाहरण. १४ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी पॅपझिमिओस या इंजेक्शनला मान्यता दिली. या आजारासाठीच मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. बारा आठवड्यांत चार वेळा कातडीखाली टोचतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती ६ आणि ११ या विषाणूंनी बाधित पेशींवर सोडतात. ३५ रुग्णांपैकी १८ जणांना उपचारानंतर वर्षभर एकही शस्त्रक्रिया लागली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हे "इलाज सापडला" म्हणून फिरलं आणि बहिणीने मला रात्री अकराला फोन केला.

असा लेख हातात आला की मी समासात पेन्सिलने पाच गोष्टी लिहितो. किती रुग्ण? ३५. कोण? मोठी माणसं, आणि तीही वर्षात तीन किंवा जास्त शस्त्रक्रिया लागणारी. मुलं नाहीत. तुलनेला दुसरा गट? नव्हता. पण इतक्या वारंवार ऑपरेशन लागणाऱ्या माणसाला वर्षभर एकही लागू नये, हे सहज घडणारं नाही, म्हणून हा निकाल वजनदार. मोजलं काय? शस्त्रक्रिया लागली की नाही. आणि आपल्याला लागू आहे का? भाचा सात वर्षांचा आहे, म्हणजे आज नाही. बहिणीला तेवढंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मोठा होईल ना तो."

बेव्हासिझुमॅबची गोष्ट वेगळी. हे मुळात कॅन्सरचं औषध. ते नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही, आणि या गाठी तर रक्तवाहिन्यांवरच पोसतात. शिरेतून काही आठवड्यांच्या अंतराने देतात. श्वासनलिकेत आणि फुप्फुसात उतरलेल्या, दुर्बिणीला न पोचणाऱ्या आजारात याने गाठी आक्रसल्याचे अनुभव जगभरातून आले आहेत, लहान मुलांतलेसुद्धा. भारतात याची स्वस्त जैव-प्रतिरूपंही (मूळ औषधाच्या नमुन्यावर दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं) मिळतात. अडचण अशी की औषध थांबवलं की गाठी बऱ्याचदा परततात, आणि रक्तदाब व लघवीतल्या प्रथिनांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांकडे हा विषय काढायला आमच्याकडे आता कारण होतं: तक्त्यातला पाचवा रकाना ७० दिवसांवर आला होता.

आजार किती जणांना होतो याचं परदेशी प्रमाण आपल्याकडे लावण्याच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेत १९९५ च्या सुमाराचा अंदाज एक लाख मुलांमागे ४.३ आणि एक लाख मोठ्यांमागे १.८ नवे रुग्ण असा होता. मी तो यवतमाळ जिल्ह्याच्या लोकसंख्येला गुणून बसलो होतो. त्या हिशेबाचा भाच्याला काडीचा उपयोग नव्हता.

फुप्फुसात उतरला तर

विदर्भात छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिला संशय टीबीचा, आणि तो घेतलाच पाहिजे. पण आरआरपी फुप्फुसात उतरला की सीटीवर गाठी दिसतात, त्यांतल्या काही पोकळ होऊन पातळ भिंतीच्या पोकळ्या बनतात, आणि टीबीतही पोकळ्या होतात. म्हणून सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत "या मुलाला स्वरयंत्राचा पॅपिलोमा आहे" हे वाक्य पोचलं पाहिजे. मागणीच्या चिठ्ठीवर ते लिहून मागा. टीबीची तपासणी टाळू नका, थुंकीची सीबीनॅट करून घ्या. पण निदान पक्कं होण्याआधी सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होत असतील तर जुने सीटी समोर ठेवून एकदा नम्रपणे विचारा.

पाचवी पायरी: घरची नोंद

दर रविवारी सकाळी, खोकला-सर्दी नसताना, लेकराला एकापासून वीसपर्यंत मोजायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. रोज ऐकणाऱ्या कानाला आवाजातला बदल कळत नाही. सहा आठवड्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग लावलं की लगेच कळतो. झोपेत शर्ट काढून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. श्वास घेताना गळ्याखालचा खड्डा आणि बरगड्या आत ओढल्या जातात का, घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, ते त्यात दिसतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. या फाइलींना तारखेचं नाव द्या. आमच्या डॉक्टर साहेबांनी पहिल्यांदा एवढा वेळ दिला तो या व्हिडिओंमुळेच.

सहावी पायरी: एक पान घेऊन जा

ओपीडीत छापील कागदांचा गठ्ठा नेला तर समोरचा माणूस वैतागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. एकच पान न्या. वर तक्ता, खाली तीन प्रश्न. "इंटरनेटवर असं वाचलं" अशी सुरुवात करू नका. आम्ही असं विचारलं:

"साहेब, मागची तीन ऑपरेशनं सत्तर-सत्तर दिवसांवर आली. पूरक औषधाचा विचार करायची वेळ आली आहे का?"

"गाठ खाली श्वासनलिकेत सरकलीय का, हे पुढच्या वेळी बघून लिहून द्याल?"

"हे ऑपरेशन मायक्रोडेब्रायडरने करणार की लेझरने, आणि या जागी तेच का?"

तिसऱ्या प्रश्नाचं कारण सांगतो. मायक्रोडेब्रायडर गाठ खरवडून शोषून घेतो, लेझर जाळतो. दोन्ही चांगली साधनं आहेत, पण स्वरतंतूंच्या पुढच्या टोकाला जिथे दोन्ही तंतू जुळतात, तिथे जास्त काढलं तर ते एकमेकांना चिकटू शकतात आणि आवाज कायमचा बिघडू शकतो. म्हणून अनुभवी सर्जन कधी कधी थोडी गाठ मुद्दाम ठेवतात. हे माहीत नसताना "अर्धवटच काढली" म्हणून आम्ही एकदा नाराज होऊन परतलो होतो.

कुठे जायचं हा प्रश्न उरतो. लहान मुलाच्या अरुंद झालेल्या श्वासमार्गात ऑपरेशन करणं हे जितकं सर्जनचं तितकंच भूलतज्ज्ञाचं काम आहे. म्हणून मुलांची भूल आणि मुलांचा अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच जा. आपल्या भागात नागपूरचं शासकीय मेडिकल, मिहानमधलं एम्स, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथे आधी चौकशी करा. यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय महाविद्यालयं पहिल्या तपासणीला जवळ पडतात. जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: मुलांची मायक्रोलॅरिंगोस्कोपी (भूल देऊन, सूक्ष्मदर्शकातून स्वरयंत्र बघून केलेलं ऑपरेशन) इथे होते का, आणि कोणत्या वारी.

पैशांचं थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला गाठून हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजात बसतं ते विचारा, नंतर धावपळ होते. मूल अंगणवाडीत किंवा शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नोंद करून घ्या, वरच्या दवाखान्यात पाठवण्याची चिठ्ठी तिथून मिळते. केंद्राचं २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण मुख्यतः जन्मजात, आनुवंशिक आजारांसाठी आहे. मी त्या वाटेवर दोन महिने घालवले.

चाचणीत भाग घ्यायचा झाला तर

भारतातल्या सगळ्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते, आणि २००९ पासून ती बंधनकारक आहे. तिथे आजाराचं नाव टाकून अधूनमधून बघत जा. चाचणी सापडली तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का बघा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकारही घ्यावा लागतो. चाचणीच्या औषधासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

घरात काय सांगायचं

या भागाबद्दल मला कुठल्याच लेखात काही सापडलं नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. लहान मुलांना हा विषाणू बहुधा आईकडून, जन्माच्या वेळी येतो. कागदावर हे एक वाक्य आलं आणि सासरी कुजबुज सुरू झाली. बहिणीने महिनाभर कुणाकडे जाणं सोडलं.

तेव्हा घरच्यांना बसवून मी जे सांगितलं ते असं. हा विषाणू इतका सर्रास आहे की आयुष्यात कधीतरी तो बहुतेकांच्या अंगात येऊन जातो, बायकांच्या आणि पुरुषांच्याही. बाईच्या अंगात आला तर तो बहुधा नवऱ्याकडूनच आलेला असतो, त्यामुळे बोट दाखवायचं तर आधी आपल्याकडे वळवा. डेन्मार्कमध्ये गरोदरपणात जननेंद्रियावर मस असलेल्या बायका तपासल्या, तेव्हा त्यांच्याही हजार बाळंतपणांमागे साधारण सात मुलांनाच हा आजार झाला. उरलेल्या ९९३ ना नाही. सिझेरियन केलं असतं तर टळलं असतं, असंही खात्रीने म्हणता येत नाही, सिझेरियनने जन्मलेल्या मुलांनाही तो झालेला आहे. जावई मान खाली घालून ऐकत होते. त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही.

ताट-वाटी वेगळी करू नका. एकत्र जेवल्याने, खेळल्याने हा पसरत नाही. मुलाला शाळेत पाठवा. वर्गशिक्षकांना मात्र सांगा की त्याला मोठ्याने कविता म्हणायला लावू नका आणि "घोगऱ्या" म्हणून चिडवणाऱ्यांना आवरा.

लसीचं विचारतात म्हणून: एचपीव्हीची लस या आजाराला मुळातच अडवू शकते, पण ६ आणि ११ हे प्रकार तिच्यात असले तरच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे, गार्डासिलमध्येही ६ आणि ११ आहेत. नुसत्या १६ आणि १८ च्या लसीचा या आजारात उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींना लस सुरू झाली आणि मुलांतला हा आजार २०१२ मधल्या एक लाखामागे ०.१६ वरून २०१६ मध्ये ०.०२ वर उतरला. आधीच झालेल्या आजारात लसीने ऑपरेशनांमधलं अंतर वाढतं का, यावरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. घरातल्या नऊ वर्षांवरच्या मुला-मुलींबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

वहीचं पहिलं पान

हे पान सगळ्यात शेवटी लिहिलं, पण चिकटवलं पहिल्या पानावर. त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत आजाराचं नाव, मुलाचं वजन, रक्तगट, शेवटच्या ऑपरेशनची तारीख आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आहे. खाली लिहिलंय: बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील, पाणी गिळता येत नसेल किंवा पोरगं सुस्तावलं असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. झोपेचं औषध किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं सायरप देऊ नका. त्याखाली अनोळखी डॉक्टरांसाठी दोन ओळी आहेत: स्वरयंत्रात गाठी आहेत, श्वासाची नळी घालताना बारीक नळी आणि अनुभवी भूलतज्ज्ञ लागेल. गळ्याला छिद्र पाडल्याने आजार खाली पसरू शकतो, म्हणून शक्यतो टाळावं, पण जीव वाचवायला लागलं तर थांबू नये.

या पानाची एक झेरॉक्स बहिणीच्या घरी दाराच्या मागे आहे, एक अंगणवाडीताईंकडे, एक शाळेच्या हजेरीपटात आणि एक माझ्या मोटारसायकलच्या डिक्कीत. दर ऑपरेशननंतर वजन आणि तारीख बदलते, तेव्हा चारही बदलतो.